भाकरीबरोबर काय?

'समतोल आहार' हा धडा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी शिकवला आहे. दूध, अंडी, फळे, पालेभाज्या, कडधान्ये, तेल-तूप अशी भरगच्च यादी त्यात असते. मुले ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, गुण मिळवतात आणि घरी जाऊन भाकरी-ठेचा खातात. या धड्यात एक गोष्ट मात्र सहसा नसते, ती म्हणजे पैसे. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेत चौथीतल्या पोराने उभे राहून विचारले, "गुरुजी, हे सगळे आणायचे कशातून?", तर आपण काय सांगणार?

हा प्रश्न पोरकट नाही. कमीत कमी पैशात शरीराला पुरेल असे जेवण कोणते, हे शोधण्यात गेल्या शंभर वर्षांत मोठमोठ्या वैद्यांनी, गणितज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी डोके घातले आहे. त्यांत आपल्या पुण्याची माणसे आहेत, हैदराबादची प्रयोगशाळा आहे आणि आपली ज्वारीची भाकरीही आहे. तो इतिहास थोडा सविस्तर पाहू.

आधी ताट पाहू

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतल्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी ही जुनी पिके. ज्वारी सहसा एकटी पेरली जात नसे. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असे. मूग-उडीद आधी निघून जात. कडेने अंबाडी, तीळ, कारळ. रब्बीत हरभरा, जवस आणि करडई.

शेतात जे शेजारी शेजारी उगवे तेच ताटात शेजारी शेजारी येई. भाकरी, तुरीचे वरण किंवा येसराची आमटी, जवसाची अगर कारळाची चटणी, तिच्यावर करडईचे कच्चे तेल. अंबाडीची भाजी करायची तर त्यात ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ पडायलाच हवी. पाऊस पडला की तरोटा, घोळ, चिवळ अशा फुकटच्या भाज्या. हे ताट कोणत्या आहारतज्ज्ञाने आखून दिलेले नव्हते.

पण ते सर्वांचे ताट होते असे समजणे चुकीचे ठरेल. ज्याच्या शेतात तूर त्याच्या घरात वरण. सालगड्याचे साल पाडव्याला ठरे आणि त्यात धान्याचा बोलीचा भाग असे तो बहुधा ज्वारीचा. रोजाने जाणाऱ्या बाईलाही पुष्कळदा मजुरी म्हणून ज्वारीच मिळे. म्हणजे भाकरीची सोय कशीबशी होई. भाकरीबरोबर काय, हा प्रश्न उरे आणि मीठ-मिरची हे त्याचे नेहमीचे उत्तर असे. या एका फरकाचा परिणाम किती मोठा होता, हे कळायला विज्ञानाला बरीच वर्षे लागली.

कुन्नूरचे उंदीर

भारतीय जेवणाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो निलगिरीतल्या कुन्नूर या थंड हवेच्या गावी. रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने १९१८ साली तेथे बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एका लहानशा खोलीत काम सुरू केले. पुढे त्याने एक गाजलेला प्रयोग केला. भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांतले लोक जे खातात तेच उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खायला घातले आणि काही आठवड्यांनी त्यांची वजने केली. शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम, पठाण आहारावरचे २३०, मराठा आहारावरचे २२५ आणि पार तळाला मद्रासी आहारावरचे १५५ ग्रॅम भरले. अख्खा गहू, डाळ, दूध, भाज्या हे शीख आहाराचे बळ. सडलेला पांढरा तांदूळ आणि नावापुरते दूध ही मद्रासी आहाराची उणीव, असा निष्कर्ष निघाला.

मराठा आहार तिसरा आला म्हणून आपण मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. पिंजऱ्यातल्या उंदराला यादीतले सगळे पदार्थ मिळत होते. सालगड्याच्या पोराला ते मिळत नव्हते. 'प्रांताचा आहार' ही कल्पनाच गरीब-श्रीमंत हा भेद झाकून टाकते.

मॅककॅरिसननंतर १९३५ साली डब्ल्यू. आर. आयक्रॉइड या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्यांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. एक म्हणजे भारतीय खाद्यपदार्थांचे पृथक्करण करून त्यांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक १९३७ मध्ये छापले. आपल्या पाठ्यपुस्तकांतली कोष्टके त्याच झाडाच्या फांद्या आहेत. दुसरी म्हणजे आहाराच्या चर्चेत त्यांनी किमतीचा विचार आणला. लोकांना चांगले खायचे कळत नाही, एवढेच म्हणून भागणार नाही, ते त्यांना परवडते का हेही पाहायला हवे, ही जाणीव त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसते.

ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था असे झाले. मराठवाडा हैदराबादपासून तुटला १९५६ साली आणि पोषणाची प्रयोगशाळा हैदराबादला आली दोनच वर्षांनी. सरहद्द बदलली तरी जमीन तीच होती, पीकही तेच. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांसमोर लवकरच ज्वारी खाणारे रोगी येऊन उभे राहिले.

एका रोगाची तीन खंडांतली गोष्ट

या रोगाचे नाव पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, म्हणजे मान, हात आणि पाय यांवर काळसर खरबरीत चट्टे उठतात, जुलाब लागतात आणि पुढे मनाचा तोल जातो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याचे वर्णन करून ठेवले होते. मका हेच ज्यांचे मुख्य अन्न अशा गरिबांत तो दिसे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने कहर मांडला. सगळ्यांना वाटे की हा जंतूंचा रोग असावा. सरकारने १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवले. त्याने पहिली गोष्ट पाहिली ती अशी की अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोगी पुष्कळ, पण त्यांची सेवा करणाऱ्यांपैकी कोणालाच रोग नाही! जंतू असा निवड करून बसत नाही. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना त्याने मुख्यतः मका आणि गोड पाकावर ठेवले. काही महिन्यांत ११ पैकी ६ जणांना पेलाग्राची लक्षणे दिसली. तरीही लोकांना पटेना. तेव्हा १९१६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले, त्यांच्या कातडीचे खपले आणि मलमूत्र गोळ्यांत घालून गिळले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. (हा प्रसंग वर्गात सांगितला तर 'प्रयोग' या शब्दाचा अर्थ मुले विसरणार नाहीत.)

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचे याहून मोठे काम वेगळे आहे. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्याने दक्षिण कॅरोलिनातल्या कापड गिरण्यांच्या वस्त्यांत घरोघर जाऊन उत्पन्न आणि जेवण यांची नोंद केली. जितके उत्पन्न कमी तितका पेलाग्रा जास्त, असे त्यातून निघाले. आणखी एक बारकावा दिसला. सारखेच उत्पन्न असलेल्या दोन वस्त्यांतही फरक पडे. जिथे आसपास भाजीपाला, दूध, मांस विकायला येई तिथे रोग कमी. जिथे घराच्या उंबऱ्यापर्यंत नुसता कापूसच पेरलेला, तिथे रोग जास्त. म्हणजे प्रश्न खिशातल्या पैशाचा होता, तसाच आसपासच्या शेतात काय उगवते याचाही होता. हा बारकावा लक्षात ठेवू, कारण हिंगोलीत त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम याने दाखवले की कुत्र्यांना होणारा 'काळी जीभ' हा तशाच प्रकारचा रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजे 'ब' गटातल्या नायसिन या जीवनसत्त्वाने बरा होतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःही थोडे नायसिन बनवते, हेही पुढे कळले. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि असलेले नायसिन बांधलेल्या स्वरूपात, त्यामुळे मका खाणाऱ्यांना रोग होतो. कोडे सुटले असे वाटले.

ते पुन्हा गुंतले हैदराबादमध्ये. तिथल्या डॉक्टरांकडे येणारे पेलाग्राचे रोगी मका खातच नव्हते. ते दख्खनच्या पठारावरचे गरीब मजूर होते आणि त्यांचे अन्न होते ज्वारी. ज्वारीत नायसिन बरे असते आणि ट्रिप्टोफॅनही मक्याइतके कमी नसते. मग रोग का? डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक कल्पना मांडली. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन हे अमिनो आम्ल फार जास्त असते. ते ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या कामात अडथळा आणत असावे. १९६५ मध्ये त्याच संस्थेत ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ झाल्याचेही दाखवण्यात आले. नंतर इतर देशांतल्या काही संशोधकांना ल्यूसिनचा तसा परिणाम आढळला नाही, 'ब६' जीवनसत्त्वाचीही यात भूमिका असल्याचे पुढे आले आणि वाद रेंगाळला.

वाद रेंगाळला तरी एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे एकमत राहिले. ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी नियमाने खाणाऱ्याला पेलाग्रा होत नव्हता. धान्य तेच, चूल तशीच. रोग होई तो नुसत्या भाकरीने. पुढे मजुरांच्या जेवणात गहू-तांदूळ आणि इतर पदार्थ आले तसतसा हा रोग दुर्मीळ झाला.

हिशेब मांडणारे

आता पैशाकडे वळू. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये एक सरळ प्रश्न मांडला. एका माणसाला वर्षभर लागणारी ९ पोषकद्रव्ये पुरवायची आहेत. बाजारात ७७ पदार्थ आहेत. कमीत कमी खर्चाची निवड कोणती? आकडेमोड आणि अंदाज यांच्या जोरावर त्याने उत्तर काढले. १९३९ च्या किमतींना वर्षाला ३९.९३ डॉलर. जेवण काय? गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे. बस्स! दोन वर्षांनी जॉर्ज डँट्झिगची नवी गणिती पद्धत आली. तिची चाचणी घेण्यासाठी हेच उदाहरण निवडण्यात आले. संगणक हाताशी नव्हते. आकडेमोडीची यंत्रे घेऊन बसलेल्या नऊ कारकुनांचे मिळून १२० दिवसांचे काम झाले आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिग्लरचा अंदाज अवघ्या २४ सेंटने चुकला होता.

पुढे डँट्झिगने स्वतःचे वजन उतरवण्यासाठी आपलाच आहार संगणकाला विचारला. पहिल्या उत्तरात ५०० गॅलन व्हिनेगर निघाले! व्हिनेगर यादीतून काढून टाकले तर रोज मांसाच्या अर्काच्या २०० वड्या निघाल्या. गणित बरोबर असते, पण ताटात काय शोभते आणि पोटाला काय सोसते हे त्याला आपण सांगावे लागते. वरण-भाकरी हे उत्तर ज्यांनी शोधले त्यांना हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांचे उत्तर खाण्याजोगे आहे, एवढेच.

आपल्याकडे हा हिशेब पुण्यात मांडला गेला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी २,२५० उष्मांक मिळण्यासाठी कुटुंबाचा एकूण खर्च किती असावा लागतो, हे त्यांनी सर्वेक्षणांच्या आकड्यांवरून पाहिले. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असे उत्तर आले. खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. उपाय म्हणून त्यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून रोजगार देण्यावर भर दिला.

लगेच पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बाहेरून आलेला लाल मिलो रेशनवर मिळे. मिलो ही ज्वारीचीच जात, अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना घालत. कामावर सुकडी वाटली जाई. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांकडून मुलांनी मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी लिहून आणाव्यात. इतिहासाचे साधन म्हणून त्या कोणत्याही कागदपत्रापेक्षा कमी नाहीत. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यामागे या दुष्काळाचा अनुभव होता.

दांडेकर-रथ यांनी मोजले ते उष्मांक. प्रथिनांचे काय? त्या काळी जगभर 'प्रथिनांची टंचाई' हा परवलीचा शब्द होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा एक अहवालच या येऊ घातलेल्या संकटावर निघाला. त्याला आव्हान दिले ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी. ते संख्याशास्त्रज्ञ होते आणि वीसेक वर्षे जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. त्यांनी सांगितले की आपल्या धान्य-डाळीच्या जेवणात उष्मांक पुरेसे झाले की प्रथिने आपोआप पुरेशी होतात. गरिबाला प्रथिनाची पावडर नको, पोटभर जेवण द्या. हे म्हणणे मोलाचे होते.  अन्न कमी पडले तर शरीर काही प्रमाणात जुळवून घेते, हे त्यांचे पुढचे म्हणणे मात्र डॉ. गोपालन यांच्यासारख्यांनी मान्य केले नाही. त्यातून भुकेचे मोजमापच खाली येईल, अशी त्यांची रास्त भीती होती.

सुखात्मे यांच्या वाक्यातला 'धान्य-डाळीच्या' हा शब्द नीट पाहायला हवा. डाळ गेली तर ते विधान टिकते का?

मूठभर डाळीचे गणित

हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात करता येईल. प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. त्यांपैकी लायसिन हे धान्यांत कमी आणि डाळींत भरपूर असते. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते जेमतेम २.२ ग्रॅम, तुरीच्या प्रथिनात सुमारे ७ ग्रॅम.

कष्टाचे काम करणारा ५५ किलो वजनाचा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी खातो असे धरा. ज्वारीत प्रथिने १० टक्के, म्हणजे ४० ग्रॅम. त्यातून लायसिन ०.८८ ग्रॅम. प्रौढ माणसाची गरज किती? १९७३ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय समित्यांनी ती वजनाच्या दर किलोला रोज १२ मिलिग्रॅम ठरवली होती. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ०.६६ ग्रॅम. या मापाने नुसती भाकरीसुद्धा पुरेशी होती!

पुढे व्हर्नन यंग यांनी अमेरिकेत आणि अनुरा कुरपाड यांनी बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात नव्या पद्धतीने मोजमाप केले. कार्बनचा वेगळा समस्थानिक असलेले अमिनो आम्ल देऊन शरीर ते किती जाळते आणि किती वापरते हे त्यांनी पाहिले. जुना आकडा फारच कमी निघाला. २००७ मध्ये जाहीर झालेली गरज आहे दर किलोला ३० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या माणसाला १.६५ ग्रॅम. आता नुसती भाकरी निम्मीच पुरते. तिच्याबरोबर ५० ग्रॅम तुरीची डाळ दिली तर? डाळीत प्रथिने २२ टक्के, म्हणजे ११ ग्रॅम, त्यात लायसिन ०.७७ ग्रॅम. बेरीज करा. ०.८८ अधिक ०.७७ बरोबर १.६५. ज्वारीचे प्रथिन पूर्ण पचत नाही हे लक्षात घेतले तर डाळ आणखी थोडी वाढवावी लागेल.

मग गरीब घर डाळ का सोडते? तेही गणितच सांगते. २०२४-२५ चे हमीभाव घेऊ. संकरित ज्वारी क्विंटलला ३,३७१ रुपये, तूर ७,५५०, सोयाबीन ४,८९२. (दुकानातला भाव याहून चढा असतो आणि तुरीची डाळ करताना घटही येते, पण तुलनेला हे पुरे.) १,००० उष्मांक ज्वारीतून सुमारे १० रुपयांत मिळतात, तुरीतून साडेबावीस रुपयांत. पोटातली आग विझवायची तर भाकरीच स्वस्त. आता एक ग्रॅम लायसिनचा भाव काढा. ज्वारीतून तो पडतो सुमारे १५ रुपये, तुरीतून सुमारे पाच. म्हणजे डाळ महाग आहे की स्वस्त, हे आपण काय विकत घेतो आहोत त्यावर ठरते. खिसा रिकामा असेल तर माणूस आधी उष्मांक विकत घेतो. त्यात अडाणीपणा काही नाही. फक्त त्याचे वरण पातळ होत जाते.

देशाचेही असेच झाले. हरितक्रांतीने गहू-तांदूळ वाढवले आणि डाळी मागे पडल्या. माणशी रोज उपलब्ध असलेली डाळ १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती, १९७१ मध्ये ५१ आणि २००१ मध्ये ३० ग्रॅम. नंतर ती काहीशी सावरली, पण १९६१ चा आकडा पुन्हा आला नाही.

उंबऱ्यापर्यंत सोयाबीन

हिंगोलीच्या शेतात आज पावसाळ्यात नजर टाकली तर सोयाबीन दिसते. १९९० नंतर मराठवाड्यात ते झपाट्याने पसरले. वसमत परिसरात हळदही आहे. खरिपाची ज्वारी हटली, तिच्याबरोबर तिच्या ओळींतला मूग-उडीद आणि कडेची अंबाडीही. शेतकऱ्याने हे हौसेने केलेले नाही. खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडे, तिला भाव येत नसे, पाखरे खात. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देते.

गंमत अशी की सोयाबीनच्या दाण्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास. वरच्याच हमीभावाने हिशेब केला तर एक ग्रॅम लायसिन दोन रुपयांना पडते. एवढे स्वस्त प्रथिन जिल्ह्यात उगवते आणि जवळजवळ सगळे तेलाच्या कारखान्यांकडे जाते. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. तो उकळून किंवा भाजून नष्ट करावा लागतो, आणि आपल्या स्वयंपाकात ही रीत रुजलेली नाही. उकळून वाळवलेल्या सोयाबीनचा दहावा हिस्सा भाकरी-पोळीच्या दळणात घालणे ही साधी गोष्ट आहे. पण भाकरी थापताना ती चिरू नये हे बाईला पाहायचे असते, आणि तिचे मत आपल्या कोष्टकापेक्षा महत्त्वाचे आहे.

आज ज्वारीही गरिबाची राहिलेली नाही. गव्हापेक्षा तिला भाव जास्त आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. रेशनवर येते ते मुख्यतः गहू-तांदूळ. रोजचे ते १६५ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ५७० उष्मांक. कायद्यात डाळ नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले. त्याच्या किलोभर दाण्यात लोह सुमारे ४५ मिलिग्रॅम आहे. पण वाण कितीही चांगले असले तरी ते पेरणाऱ्याला सोयाबीनपेक्षा तोट्याचे पडता कामा नये.

आपल्या हातात असलेली जागा म्हणजे शाळेचे स्वयंपाकघर. १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेल्या योजनेत आधी मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण द्यावे लागले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी केंद्राचा निकष आहे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. वरचेच गणित लावा. १०० ग्रॅम तांदळातून लायसिन सुमारे ०.२५ ग्रॅम मिळते, २० ग्रॅम डाळीतून ०.३१. ताटातला सहावा हिस्साही नसलेली डाळ निम्म्याहून अधिक लायसिन देते.

म्हणून पुढच्या आठवड्यात मुलांना तराजू द्यावा. एका मुलाच्या वाट्याची २० ग्रॅम डाळ मोजून कागदावर ठेवावी. साधारण दीड-दोन चमचे भरेल. मग पटावर जितकी मुले त्या दिवशी हजर असतील तितक्यांनी गुणावे आणि पातेल्यात पडलेल्या डाळीशी ताडून पाहावे. त्याच दिवशी गावच्या बाजारातून तूर, मूग, हरभरा, मसूर आणि शेंगदाणे यांचे भाव मुलांनी लिहून आणावेत आणि एका रुपयात कशातून किती प्रथिने मिळतात ते काढावे. पुढच्या बाजारी पुन्हा भाव घ्यावेत. उत्तर बदललेले असेल.